व्हरांड्यातली खुर्ची

कमिटीच्या विषयपत्रिकेवर पाळकाच्या पगाराचा विषय नेहमी शेवटून दुसरा असतो. त्याच्यानंतर फक्त ‘आयत्या वेळचे विषय’. तोवर छपराच्या पत्र्यांवर तासभर, कबरस्तानाच्या कुंपणावर अर्धा तास आणि नाताळच्या मांडववाल्याची मागची बाकी द्यायची की नाही यावर पाऊण तास गेलेला असतो. चहा होऊन गेलेला असतो, चुळबूळ सुरू झालेली असते. मग पाळकसाहेब स्वतःच उठतात, ‘तुम्ही मोकळेपणी बोला’ म्हणतात आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसतात. तिथे एक लोखंडी खुर्ची आहे. दार पावसाळ्यात फुगलेलं, पुरतं लागत नाही. आत बोललेलं बाहेर ऐकू जातं हे आतल्यांना ठाऊक असतं, आणि बाहेरच्यालाही.

नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीचा मी अकरा वर्षं खजिनदार होतो. त्या अकरा वर्षांत त्या दाराच्या फटीतून बाहेर गेलेली वाक्यं मला पाठ आहेत. ‘घर फुकट आहे.’ ‘लाईट बिल मंडळी भरते.’ ‘बाई झेडपीच्या शाळेत आहेत, दोन पगार येतात.’ ‘मागच्या पाळकांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही.’ आणि सगळ्यांवर पडदा टाकणारं शेवटचं : ‘अहो, ही सेवा आहे, नोकरी नाही.’ मग कुणी आकडा सुचवतं, कुणी अनुमोदन देतं, ‘या पाळकसाहेब’ अशी हाक जाते. ते आत येतात, कितीने वाढला हे विचारत नाहीत, आणि आमच्यासाठी प्रार्थना करून सभा संपवतात. यांपैकी दोन ठरावांना अनुमोदन माझं आहे. तेव्हा पुढचं सगळं मी कुण्या परक्याबद्दल बोलत नाही.

‘सेवा आहे, नोकरी नाही’ हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड जातं. नोकरी म्हटली की मोजमाप आलं. प्रवचनं किती, बाप्तिस्मे किती, लग्नं-मयती किती? रात्री दोन वाजता सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात एखाद्या पोराबरोबर त्याच्या बापाच्या पोस्टमॉर्टेमची वाट बघत उभं राहायचं, त्याचा दर कुठल्या तक्त्यात बसवणार? दर लावला की त्या उभं राहण्यातलं काहीतरी निघून जातं. इथवर मी कमिटीच्या बाजूचा. पण ते वाक्य उच्चारायचा हक्क कुणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे. माझ्या मते तो फक्त व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा आहे. आतल्या कुणालाही तो नाही.

आमच्याकडे असल्या वादात शास्त्राचा आधार काढायची सवय आहे, म्हणून तोही काढतो. मळणीच्या बैलाला मुसकं घालू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तिचाच दाखला देऊन सांगतो, की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं. लहानपणी मला हा दाखला कळायचा नाही. माझ्या आजोबांच्या खळ्यावर पात धरलेल्या बैलांना मुसकी असायचीच. ज्वारीची कणसं पायाखाली आणि तोंडाला सुतळीची जाळी. विचारलं तर म्हणायचे, ‘खाऊ दिलं तर बैल चालत नाही आणि फुगतो.’ आमच्या कमिट्यांचं अर्थशास्त्र हे आजोबांचं अर्थशास्त्र आहे. त्यात दुष्टपणा नाही, फक्त बैलावर विश्वास नाही.

पौलाच्या त्या अध्यायाचा उत्तरार्ध मात्र कमिटीला फार आवडतो. हा हक्क आपण बजावलेला नाही, असं तो तिथे सांगतो. तंबू शिवायचा धंदा करून तो पोट भरत होता. क्रम पाहण्यासारखा आहे. हक्क तो आधी पुरता शाबीत करतो, मुद्द्यामागून मुद्दे मांडतो, आणि मग आपणहून सोडतो. जे आपलं म्हणून मान्यच झालेलं नाही ते सोडणार कसं? करिंथच्या मंडळीने ठराव करून पौलाकडून त्याग करवून घेतला, असं तिथे कुठे नाही.

या प्रश्नावर सर्वांत जास्त शाई आणि सर्वांत जास्त वर्षं इंग्लंडने खर्च केली आहेत, म्हणून थोडा वेळ तिकडे. तिथल्या गावच्या पाद्र्याचं पोट दशांशावर होतं, म्हणजे गावात जे पिकेल त्याच्या दहाव्या हिश्शावर. धान्याचा मोठा दशांश ‘रेक्टर’चा, कोकरं, अंडी, फळं असला किरकोळ दशांश ‘व्हिकर’चा. व्हिकर या शब्दाचा मूळ अर्थच बदली माणूस. आपल्याला हे समजायला जड नाही : वतनदार पुण्यात, गावी मुतालिक. कित्येक ठिकाणी रेक्टरकी मठाकडे असे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले तेव्हा ते मोठे दशांश जमीनदारांच्या घरात गेले, आणि गावात प्रेतं पुरणारा, पोरांना बाप्तिस्मा देणारा माणूस अंड्या-कोकरांवरच राहिला. त्याच हेन्रीने १५३४ पासून प्रत्येक नव्या पाद्र्याचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न आणि पुढे दरवर्षी त्याचा दहावा भाग राजाकडे वळवला होता. ॲन राणीने १७०४ साली हा पैसा गरीब पाद्र्यांसाठी निधी म्हणून परत दिला. इंग्लंडात त्याला राणीचं औदार्य म्हणतात. पावणेदोनशे वर्षं घेतलेलं परत करण्याला औदार्य म्हणायची ही रीत आमच्याही मंडळीत आहे. थकलेला महागाई भत्ता दिला की टाळ्या होतात.

१८३६ च्या कायद्याने दशांश रोख झाला आणि गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधला गेला. ही युक्ती मला मनापासून आवडते. शेतकऱ्याचा भाव पडला की पाद्र्याचाही पडणार, दोघं एका दोरीला. पण १८७० नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं, भाव खरोखरच कोसळले, आणि खेड्यातले पाद्री मोडकळीला आलेल्या मोठमोठ्या घरांत अर्धपोटी बसले. मिळकत शेताला बांधलेली होती. पोरांची शाळा, डॉक्टर, घराची डागडुजी यांना बांधलेली नव्हती.

अँथनी ट्रोलॉप हा कादंबरीकार पोस्टखात्यातला नोकर. पगार म्हणजे काय हे त्याला कुठल्याही बिशपापेक्षा जास्त कळत असावं. ‘द वॉर्डन’ ही त्याची १८५५ ची कादंबरी सगळी याच प्रश्नावर उभी आहे. बारा म्हाताऱ्यांसाठी कुणा लोकरीच्या व्यापाऱ्याने शतकांपूर्वी ठेवलेला धर्मादाय. जमिनीचं उत्पन्न वाढत गेलं. म्हातारे दिवसाला एक शिलिंग चार पेन्सांवरच राहिले आणि त्यांची देखभाल करणाऱ्या भल्या पाद्र्याचे मात्र वर्षाला आठशे पौंड झाले. एक सुधारक आवाज उठवतो, वर्तमानपत्र झोडपतं, पाद्र्याला स्वतःलाच झोप येईनाशी होते आणि तो राजीनामा देतो. सुधारक जिंकला म्हणायचा. पण जागा भरली जात नाही, म्हाताऱ्यांच्या हातात एक पेनीही जास्त पडत नाही. उलट हा माणूस पदरचे दोन पेन्स रोज घालत होता तेही बंद होतात. पाद्र्याचा पगार जास्त आहे असं ओरडणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगत असतो. दुसरं टोक त्याच लेखकाच्या १८६७ च्या कादंबरीत आहे. वर्षाला एकशे तीस पौंडांवर कुटुंब ओढणारा ग्रीकचा पंडित क्रॉली. वीस पौंडांचा एक चेक त्याच्या हातून वटवला जातो, तो आला कुठून हे त्याला सांगता येत नाही, आणि लोक त्याला चोर ठरवायला तयारच असतात. दारिद्र्याने माणूस बेइमान झालेला नाही, पण त्याची स्वतःच्या आठवणीवर विसंबायची ताकद गेली आहे. मिळकतीची कमतरता माणसाचं काय करते याचं इतकं बारीक चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आजचं इंग्लंडचं चर्च पगार हा शब्दच वापरत नाही, ‘स्टायपेंड’ म्हणतं. कल्पना अशी की हे कामाचं मोल नाही. पोटापाण्यासाठी दुसरीकडे जावं लागू नये, मन कामात राहावं, म्हणून केलेली ही तजवीज. रक्कम वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास, शिवाय राहायला घर. श्रीमंत उपनगरातला आणि कोळशाच्या बंद खाणीजवळचा, दोघांना जवळपास सारखीच. कँटरबरीच्या आर्चबिशपला त्याच्या सुमारे तिप्पट. कुठल्याही कंपनीच्या साहेबाचं आणि शिपायाचं प्रमाण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या तिपटीची किंमत कळेल. आकडा दरवर्षी वरून जाहीर होतो. गावच्या सभेत कुणाला व्हरांड्यात बसावं लागत नाही.

पण ‘तजवीज’ या गोड शब्दाला दुसरी बाजू आहे. पगार नाही म्हणजे नोकर नाही, आणि नोकर नाही म्हणजे नोकराचे हक्कही नाहीत. वूस्टरच्या धर्मप्रांतातल्या एका रेक्टरच्या खटल्यात २०१५ साली तिथल्या अपील कोर्टाने हेच सांगितलं. २०२३ मध्ये मात्र महागाईने कंबर मोडल्यावर तिथल्या पाद्र्यांनी युनाइट या कामगार संघटनेमार्फत साडेनऊ टक्के वाढीची रीतसर मागणी केली. त्यांच्या इतिहासातली अशी ही पहिलीच. ज्यांनी नाकं मुरडली त्यांनी सेवा आणि नोकरी यांचाच वाद घातला असणार, तो मला न वाचताही पाठ आहे. आणि तजवीज ज्यातून व्हायची त्या मध्यवर्ती निधीनेही १९९० च्या आगेमागे जागा-जमिनींच्या सट्ट्यात आठशे दशलक्ष पौंडांचा फटका खाल्ला होता. १९९८ पासूनच्या पेन्शनचा भार मग गावोगावच्या मंडळ्यांवर टाकला गेला. वरून येणारा पैसा सुरक्षित असतोच असं समजायचं कारण नाही.

फ्रान्सची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण तिच्यातला एक शब्द सोडवत नाही. तिथेही दशांश मोठे मठ आणि कॅथीड्रलवाले घेत आणि गावच्या पाद्र्याला एक ठरीव वाटा देत. त्याचं नाव ‘पोर्स्यों काँग्रू’, म्हणजे यथोचित, पुरेसा वाटा. १६८६ मध्ये तो तीनशे लिव्र होता, १७६८ मध्ये पाचशे, १७८६ मध्ये सातशे. या कूर्मगतीत शब्दाचा अर्थच उलटला. आज फ्रेंचमध्ये ‘पोर्स्यों काँग्रू’वर आणलं म्हणजे कसंबसं तगण्यापुरतं दिलं. १७८९ च्या संसदेत धर्मगुरूंचे तीनशेच्या आसपास प्रतिनिधी होते, त्यांत दोनशेहून जास्त असे गावचे पाद्री. त्या जूनमध्ये ते बिशपांना सोडून सामान्यांच्या बाजूला जाऊन बसले. क्रांती पगारासाठी झाली असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या तोंडाला शंभर वर्षं मुसकं होतं त्यांनी आपल्या धन्याकडे पाठ फिरवली, यात मला नवल वाटत नाही. तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही आला. सरकारी तिजोरीतून पाद्र्याला मिळणाऱ्या वेतनाला तिथे ‘कोंग्रुआ’ म्हणत.

मग कुणी म्हणेल, वरून कुणी कशाला द्यावं? ज्याला गरज त्याने द्यावं, लग्नाला इतकं, मयतीला इतकं. हा मार्ग महाराष्ट्राने भरपूर चालून पाहिला आहे. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सुरू होताच जन्मापासून मरणापर्यंत दक्षिणा कशी उकळली जाते याची जंत्री दिली ती उगाच नाही. पंढरपुरात देवापुढे पडणाऱ्या पैशावर बडवे-उत्पातांचा हक्क होता, त्या उत्पन्नाचे लिलाव होत. तो हक्क मोडणारा कायदा १९७३ चा, पण कज्जे संपून सुप्रीम कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला जानेवारी २०१४ उजाडलं. ताटातून थेट ज्याचा हात भरतो त्याचं लक्ष ताटावर राहतं. तो माणूस वाईट असायची गरज नाही. कॅथलिक कायद्यातही मिसा अर्पणासाठी दिलेल्या दानाला व्यापाराचा वासही येऊ नये असा दंडक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तर एकेका पदाला जखडलेल्या उत्पन्नाची पद्धतच सोडा किंवा सुधारा, आणि साऱ्या धर्मगुरूंसाठी सामाईक निधी करा, असं सांगितलं. कॅथलिक फादरला संसार नाही, म्हणून त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा सोपा. आमच्या पाळकाला बायको आहे, दहावीतली मुलगी आहे, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे.

आता घरचं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. १८५४ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीला आले. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः करावा, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतः वाढावं, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्त. त्यातून निघालेला व्यवहार असा की देशी पाळकाचा पगार देशी मंडळीला झेपेल इतकाच असावा, आणि तो झेपावा म्हणून त्याचं शिक्षणही मराठीतच, बेताचं ठेवावं. इंग्रजी शिकला की त्याच्या गरजा वाढतील. विचार दूरदृष्टीचा होता आणि अपमानकारकही होता, एकाच वेळी. स्वावलंबनाची भाषा बंगल्यातून क्वार्टर्सकडे गेली. जुन्या मिशन कंपाउंडमध्ये आजही ही दोन टोकं दिसतात : कौलारू दगडी बंगला, त्याच्या तीन बाजूंनी व्हरांडा, आणि मागे दोन-दोन खोल्यांची ओळ. मिशनरी गेले, बंगले उरले, आणि झेपेल इतकंच ही भाषा आम्ही जशीच्या तशी उचलली. फक्त आता बंगल्याच्या जागी आम्ही सभासद आहोत.

इथे कुणीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेतंच. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि देवाच्या दरबाराच्या कामाला वाहून घेतलं. दोन वर्षांनी ते गेले. ‘त्यांनी पगार सोडला, आणि तुम्ही वाढ मागता?’ हा प्रश्न मी एका तरुण पाळकाला विचारलेला ऐकला आहे. उत्तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे, पण प्रश्न विचारणाऱ्यांनी ते पुस्तक फक्त विनोदासाठी वाचलेलं असतं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि त्याची भरपाई लक्ष्मीबाई करत. तो त्याग दोघांचा होता. एकाने केला, दुसरीने चालवला. टिळकांना मी नमस्कार करतो. कारण मिळत असलेला, स्वतःच्या हक्काचा पगार त्यांनी सोडला. त्यांचं नाव घेऊन दुसऱ्याच्या बायकोला तसं घर चालवायला लावणं याला मी भक्ती म्हणायला तयार नाही. ‘बाई शाळेत आहेत, दोन पगार येतात’ या वाक्यात हेच घडतं. त्या बाईंची नोकरी मंडळीने दिलेली नाही. तरी त्यांच्या पगारातून मंडळी आपली वर्गणी कापून घेते.

मग किती द्यावं? खजिनदार होतो, तेव्हा आकड्यापासून पळणार नाही. त्याच गावातल्या प्राथमिक शिक्षकाला जितकं मिळतं तितकं. शिक्षक हे माप अशासाठी की तो गावातच राहतो, शिकलेला आहे, त्याचा आकडा सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याला कुणी श्रीमंत म्हणत नाही की भिकारी. पैसा प्रांताच्या सामाईक निधीतून यावा, मंडळीने आपला वाटा निधीत भरावा. ज्या माणसाला रविवारी उभं राहून आपल्याला चार कडू गोष्टी सांगायच्या आहेत त्याची वाढ आपण शनिवारी ठरवू नये. घराचं भाडं कागदावर लिहावं, उपकार म्हणून तोंडी मोजू नये. बायकोच्या कमाईचा उल्लेख इतिवृत्तात आला तर खोडावा.

‘झेपणार नाही’ हे उत्तर मला ठाऊक आहे, मीच ते देत होतो. पण गणित करून पाहा. दहा कुटुंबांनी खरोखर दशांश दिला तर अकराव्या कुटुंबाला त्या दहांच्या सरासरीइतकं उत्पन्न होतं. आमच्या यादीवर दीडशे कुटुंबं आहेत. दशांशाची छापील पाकिटं दर महिन्याला मी फोडत असे. कुणाचा पगार किती हे गावात लपत नाही, आणि पाकिटात काय असतं हे मला माहीत होतं. दोन्ही आकडे डोक्यात ठेवून रविवारी दारात उभं राहून हात मिळवणं हा खजिनदारीतला सर्वांत अवघड भाग. कापणीच्या सणाला मात्र तेच लोक एका भोपळ्याची बोली आठशे रुपयांपर्यंत नेतात, एका कोंबड्यासाठी दोन भाऊ इरेला पेटतात. पैसा नाही असं नाही. चारचौघांत दिलेला पैसा आणि पाकिटातला पैसा यांत फरक आहे.

एक आक्षेप मला खरा वाटतो. पगार पक्का झाला की पाळक बाबू होईल. जर्मनीत आयकराच्या आठ-नऊ टक्क्यांइतका चर्चकर आहे, तिथल्या पाद्र्यांचा पगार सरकारी अधिकाऱ्यांच्या श्रेणीला धरून असतो, आणि देवळं तरीही ओस पडत चालली आहेत. चांगल्या पगाराने चांगला पाळक तयार होत नाही, हे मान्य. आळशी पाळक मी पाहिले आहेत. मंडळीच्या पैशाला हात लावणाराही एक पाहिला. पण उपाशी ठेवून आळशाचा कष्टाळू झालेलाही मला एकदा दाखवा. भुकेने जी सवय लागते ती निराळीच असते : श्रीमंत सभासदाच्या घरी जरा जास्त वेळ बसायची.

ज्यांच्या काळात मी दोनदा अनुमोदन दिलं ते पाळक निवृत्तीला वर्ष राहिलं असताना गेले. नवे पाळक जूनमध्ये येणार होते, म्हणून कमिटीने बाईंना तीन महिन्यांची मुदत दिली. नियमाने ती पुरेशी होती. शेवटच्या दिवशी सामानाची यादी करायला मी गेलो. टेम्पो दारात लागला होता. मंडळीच्या रजिस्टरात क्वार्टर्समधल्या वस्तू लिहिलेल्या : पलंग दोन, कपाट एक, टेबल एक, पंखे दोन. मधल्या खोलीत बाई स्टुलाजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘खजिनदारसाहेब, हा पंखा आमचा आहे. मंडळीचा जळला तेव्हा आम्ही घेतला. बिल आहे माझ्याकडे.’ आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.